पट्ट्यातली ढील: कुत्र्यासोबत रानात चालताना मन जोडावं कसं

भुरी आमच्याकडे आली तेव्हा दीड वर्षाची होती. सुरुवातीचे सहा-सात महिने मी तिला रोज रानाच्या कडेनं फिरायला न्यायचे आणि प्रत्येक झाडापाशी ओढून पुढे काढायचे. मला चालायचं असायचं, तिला हुंगायचं असायचं. एकदा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी ती एका तोडलेल्या झाडाच्या बुडख्याशी थांबली. माझा खांदा आदल्या दिवसापासून धरला होता, त्यामुळे ओढायचं त्राण नव्हतं. नुसती उभी राहिले.

तिनं सालीवर नाक टेकलं, चार बोटं वर नेलं, पुन्हा खाली आणलं आणि शेजारच्या गवताच्या एका पात्यापाशी थबकली. पात्याच्या टोकाला पाण्याचा थेंब होता. तिच्या प्रत्येक श्वासासरशी तो हलायचा, लांबट व्हायचा, पण पडायचा नाही. मी त्या थेंबाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं भुरीनं फुर्रकन नाक शिंकरलं, नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझं लक्ष पट्ट्याकडे गेलं. आम्हा दोघींच्या मधे तो जमिनीला टेकेल इतका सैल लोंबत होता. ही सकाळ माझ्यासाठी उगवलेली नाही, तरी मी तिच्यात आहे, असं काहीतरी त्या घडीला आत हललं आणि डोळे भरून आले.

पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या सैल पट्ट्याबद्दल आहे. घरात कुत्रं आहे, त्याला घेऊन झाडाझुडपांत जाता, आणि 'इथं काहीतरी आहे, पण हाती लागत नाही' असं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी ध्यान केलेलं असायला हवं असं नाही. अमुक देव मानायला हवा असंही नाही. अध्यात्म हा शब्द मी इथे साध्या अर्थानं वापरते: 'मी'ची कड जरा विरघळते आणि आपण एका मोठ्या जिवंत पसाऱ्यात आहोत हे डोक्याला नाही, अंगाला कळतं. आपल्या भाषेत त्यासाठी एक फार नेमका शब्द आहे, अनुसंधान. हात काम करत असतात, पाय चालत असतात आणि आत एक धागा जोडलेला राहतो. कुत्र्यासोबत चालताना तो धागा अगदी दिसेल असा हातात असतो.

निघण्याआधी

पट्टा कसा असावा, इथूनच सुरुवात करा, कारण सगळी साधना त्याच्यावर आहे. साधा, तीन ते पाच मीटर लांबीचा, हाताला न बोचणारा पट्टा घ्या. बटण दाबून आत-बाहेर होणारे पट्टे या कामाला चालत नाहीत. आतल्या स्प्रिंगमुळे ते कायम थोडे ताणलेले असतात, त्यामुळे सैल म्हणजे काय हे तुमच्या हातालाही कळत नाही आणि कुत्र्याच्या अंगालाही. लांब पट्टा गळपट्ट्याला अडकवू नका. छातीवरून जाणारा हार्नेस वापरा, म्हणजे अचानक हिसका बसला तरी मानेवर येणार नाही. पट्टा बोटांभोवती किंवा मनगटाभोवती गुंडाळायचा नाही.

वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यानंतरची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमानच 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटावा इतकं. चपट्या तोंडाच्या जातींना तर धापही नीट टाकता येत नाही. निघण्याआधी हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

सोबत त्याच्यासाठी पाणी आणि शी उचलायच्या पिशव्या घ्या. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. इतर प्राण्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यात उतरतो, आणि पाण्यावर हिरवट-निळसर तवंग असेल तर ते जीवघेणं ठरू शकतं. रेबीज आणि लेप्टोच्या लसी, गोचिडांवरचं औषध हे डॉक्टरांना विचारून आधीच झालेलं असू द्या. मनात काळजी घेऊन मन शांत होत नाही.

जागा निवडताना एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन. तिथे कुत्रं नेण्याची मुभा आहे का, ते बघा. राखीव जंगलांत आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागांवर बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि ती योग्यच आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यासाठी तुमचं गुणी कुत्रं म्हणजे शिकारी प्राणीच. ज्या रानाशी नातं जोडायचं, त्यालाच घाबरवून ते जुळत नाही. सुरुवातीला ओळखीची, कमी वर्दळीची, झाडं असलेली कुठलीही जागा पुरे. घनदाट अरण्याची गरज नाही.

वेळ चाळीस मिनिटं धरा, अंतर धरू नका. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं होतं, मग ती मिनिटं एका फेरीतली असोत की तीन फेऱ्यांतली. चाळीस मिनिटांच्या तीन फेऱ्या हा हिशोब मला जमणारा वाटतो, म्हणून तो सांगितला. घड्याळाशी याहून जास्त संबंध ठेवू नका.

पहिली दहा मिनिटं त्याची

घरातून निघालेलं कुत्रं भरलेलं असतं. त्याला शी-शू करायची असते, कालपासून कोण कोण येऊन गेलं ते तपासायचं असतं, पाय मोकळे करायचे असतात. तुमच्या मनाचंही तेच चाललेलं असतं: अर्धवट राहिलेलं बोलणं, उद्याची कामं, कुणाचा तरी राग. या दहा मिनिटांत शांत व्हायचा प्रयत्न करू नका, दोघांनाही मोकळं होऊ द्या. सूचना देऊ नका, बस-उठ नको. फोन आवाज बंद करून पिशवीत टाका. खिशात ठेवलात तर हात तिकडे जातो.

मग वाट जिथे खऱ्या अर्थानं सुरू होते तिथे थांबा. एखादं झाड, दगड, वळण, काहीही चालेल, पण दर वेळी तेच. कुत्रं पुढे ओढत असेल तर ओढू द्या, तुम्ही जागचे हलू नका. थोड्या वेळानं ते वळून बघेल किंवा नुसतं उभं राहील, पट्टा सैल पडेल. तीन श्वास सावकाश घ्या आणि पाऊल उचला. हा आपला उंबरठा. दहा-बारा दिवसांत कुत्र्यालाही तो कळतो. भुरी तिथे आपोआप थांबायला लागली तेव्हा मी तिला काहीही शिकवलेलं नव्हतं.

ढील

आता मुख्य गोष्ट. पट्ट्याचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्यावर नुसती टेकवून ठेवा, नाडी बघताना टेकवतात तशी. नियम एकच. पट्टा ताणला की थांबायचं. हिसका द्यायचा नाही, रागवायचं नाही, मागे खेचायचं नाही. सैल पडला की चालायचं. कुत्र्यांना शिकवणारे लोक ओढायची सवय मोडायला हेच सांगतात, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की तुम्ही कुत्र्याला वळण लावताय.

आतून वेगळं काम चाललेलं असतं. ध्यानात श्वासावर लक्ष ठेवतात, इथे ते ढिलीवर ठेवायचं. पट्टा सैल आहे? मग खांदे सैल आहेत का? जबडा? पोट? मन भरकटेल, भरकटू द्या. तुम्ही विचारात हरवलात की पाय आपोआप जोरात पडू लागतात, हात आखडतो आणि पट्टा ताणला जातो. तो ताण म्हणजे कुणीतरी हळूच हाताला धरून 'इकडे ये' म्हणाल्यासारखा असतो. परत या. चाळीस मिनिटांत पन्नास वेळा परत आलात तरी ती फेरी चांगली झाली असं समजा.

काही दिवसांनी एक गोष्ट लक्षात येईल. समोरून दुसरं कुत्रं येताना दिसलं की तुमचा हात आधी आवळतो आणि मग तुमचं कुत्रं ताठरतं. निदान आमच्या बाबतीत क्रम तसाच होता. मी वर्षभर भुरीला भांडखोर समजत होते. पट्ट्यावर बोटं टेकवून चालायला लागले तेव्हा कळलं की भीती माझ्या कोपरातून निघून तिच्या पाठीपर्यंत पोचते. समोर कुत्रं दिसल्यावर मी आधी श्वास सोडायला शिकले, मग चार पावलं बाजूला सरकून तिला जागा द्यायला. भुंकणं महिन्याभरात निम्म्यावर आलं. आतला ताण तिच्या अंगावर उमटतो हे एकदा असं डोळ्यांनी पाहिलं की 'माझ्या मनाचं मी बघून घेईन' म्हणता येत नाही.

नाकामागून

कुत्रं थांबलं की तुम्ही थांबायचं आणि पुढे जायचं कधी ते त्यानं ठरवायचं. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. ते तिथे नेमकं काय करतंय ते माहीत असलं तर थोडं सोपं होतं.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राही पेशींची संख्या साधारण 50-60 लाख असते, कुत्र्याच्या नाकात ती 30 कोटींपर्यंत जाते. हुंगताना ते सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत घेतं. आत आलेली हवा दोन वाटांनी फुटते, एक फुप्फुसांकडे आणि एक वास ओळखणाऱ्या भागाकडे. बाहेर पडणारी हवा नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांमधून बाजूला फेकली जाते, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. पुढच्या वेळी त्या चिरांकडे नीट बघा, त्या हलताना दिसतात. एखाद्या बुंध्यावर कोण आलं होतं, किती वेळापूर्वी आलं होतं, हे कुत्रं ताज्या आणि विरलेल्या वासांवरून वाचतं. तुम्हाला फक्त बुंधा दिसतो. त्याच्यासमोर कालची संध्याकाळ असते.

हुंगू देणं हे लाड नाहीत. 2019 च्याच एका प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ खेळायला दिले आणि काहींकडून तेवढेच दिवस पायाशी चालण्याचा सराव करून घेतला. त्यानंतर, आत खाऊ आहे की नाही हे कळायला मार्ग नसलेल्या भांड्याकडे हुंगणारी कुत्री आधीपेक्षा लवकर गेली. म्हणजे त्यांच्या मनात आशा वाढली होती, असा अर्थ संशोधकांनी लावला.

आता तुमचं काम. पहिल्या काही थांब्यांवर फक्त नाक बघा, दुसरं काही नाही. मग एखाद्या थांब्यावर डोळे मिटून ऐका. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपली मजल 20,000 पर्यंतच, म्हणून ते कान टवकारतं तेव्हा बऱ्याचदा आपल्यासाठी तिथे काहीच नसतं. तरी त्या दिशेला वळा. आणि एखाद्या थांब्यावर, अर्थात त्यानं मुतलेली जागा सोडून, तुम्हीही वाका आणि वास घ्या. मातीचा, पानांच्या कुजलेल्या थराचा, सालीचा. ओल्या मातीच्या वासाबाबत आपलं नाक मुळीच कमी नाही. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते अगदी कणभर असलं तरी माणसाला कळतं. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 साली पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपण त्याला मृद्गंध म्हणतो, आणि मला तर हा शब्द उच्चारतानाच तो वास येतो.

या थांब्यांवर एक मोह आवरावा लागतो. 'काय आहे तिथे?' हे शोधून काढायचा मोह. झुडूप बाजूला सारून बघू नका, फोन काढून पक्षी ओळखू नका. ते कुत्रं ज्या जगात उभं आहे त्यातला फार थोडा भाग तुमच्या वाट्याला आलाय, आणि उरलेला तुम्हाला कधीच मिळणार नाही. याच जागी, याच क्षणाला ते जग खरं आहे, भरलेलं आहे, फक्त तुमच्यापुरतं बंद आहे. या न कळण्यापाशी उभं राहता आलं पाहिजे. मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वेळा डोळे मिटून बसले आहे, पण माझ्या समजुतीपलीकडे काहीतरी अफाट आहे हे मला शिकवलं ते एका कुत्रीच्या थरथरत्या नाकानं. मी त्याला श्रद्धा म्हणते. तुम्हाला दुसरा शब्द जवळचा वाटला तर तो घ्या.

जपानच्या वनखात्यानं 1982 साली 'शिनरिन-योकू' हा शब्द रूढ केला, अर्थ वनस्नान. त्यात कुठे पोचायचं नसतं, सगळी इंद्रियं उघडी ठेवून सावकाश रेंगाळायचं असतं. कुत्र्यासोबत असलात तर ते वेगळं शिकावं लागत नाही, रेंगाळण्याची शिकवणी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चाललेलीच असते.

मधलं बसणं

वाटेच्या मध्यावर एकदा बसा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, मग हळूहळू दहा. कोरडी जागा, मुंग्यांची रांग नाही ना ते बघून, पाठ झाडाला टेकवून. पट्ट्याचं टोक मांडीखाली दाबून ठेवा म्हणजे हात मोकळे राहतील. कुत्रं आधी येरझाऱ्या घालेल, कुंईकुंई करेल, तुमच्या तोंडाकडे बघेल. त्याला 'बस' म्हणू नका. कुठे बसायचं, तुमच्याकडे तोंड करून की पाठ करून, हे त्यालाच ठरवू द्या. पुष्कळ कुत्री पाठ करून बसतात आणि माणसाला वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नका. भुरी माझ्या पायाला पाठ टेकवून रानाकडे तोंड करून बसते, आणि यापेक्षा मोठा विश्वास मला कुणी दाखवलेला नाही.

त्यानं तुमच्याकडे पाहिलं तर नजर मऊ ठेवून परत बघा, मग सोडून द्या. टक लावू नका, टक लावणं कुत्र्याच्या भाषेत धमकी असू शकते. आपल्या माणसाशी झालेली मऊ नजरानजर मात्र वेगळी. जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यातही हेच संप्रेरक काम करतं. ही नजर मागून मिळत नाही. आली तर घ्यायची.

बसल्यावर हात त्याच्या बरगडीवर ठेवा, त्याला आवडत असेल तरच. श्वास त्याच्याशी जुळवायच्या फंदात पडू नका, त्याची लय वेगळी आहे, तुम्हाला धाप लागेल. नुसतं तळव्याखाली होणारं वर-खाली जाणवू द्या. ज्यांच्याजवळ एखादं नाम आहे, मंत्र आहे, प्रार्थना आहे, त्यांनी ती मनात म्हणावी. नसेल तर काही म्हणायची गरज नाही.

अशा बसण्यात मला अनेकदा एक थडगं आठवतं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासल इथे 1914 साली एका दगडाच्या खाणीत ते सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं. पिल्लाच्या दातांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता, तोही एकदा नाही, उलटून उलटून. इतक्या आजारी पिल्लाचा कुणाला काही उपयोग नव्हता. तरी ते कित्येक आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, त्याची घाण पुसली. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं. झाडाखाली कुत्र्याच्या बरगडीवर हात ठेवून बसता तेव्हा तुम्ही नांगराच्याही आधीपासून चालत आलेलं काहीतरी करत असता.

बिनसतं तेव्हा

काही दिवस फेरी बिघडते. कुत्रं सारखं जांभया देतंय, ओठ चाटतंय, शेपूट पायांत घालतंय, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतंय, तर ते भेदरलंय. त्या दिवशी साधना वगैरे काही नाही, शांतपणे घरी या. घाबरट कुत्र्याला आधी चार झाडांच्या छोट्या जागेत नेत जा. पिल्लांचं बसणं अर्ध्या मिनिटाचंच असतं, तेवढं पुरे.

रान म्हणजे नुसती शांतता असाही समज करून घेऊ नका. एकदा भुरीसमोरून ससा उसळला. ती झेपावली, पाच मीटरचा पट्टा माझ्या तळव्यातून सर्रकन गेला आणि कातडी सोलवटून निघाली. मी टोक घट्ट धरलं होतं म्हणून ससा वाचला. ती थरथरत होती, डोळ्यांत माझी ओळखच नव्हती. घरी उशाशी झोपणारं हेच ते जनावर. मला त्या दिवशी फार हलल्यासारखं झालं, आणि मग वाटलं की हेही त्याच पसाऱ्यातलं आहे. मोठ्या ओढीनं ती कधी कुजलेल्या मेलेल्या पक्ष्यावर लोळते, तेव्हाही मला हेच आठवावं लागतं. रानातलं सुंदर तेवढं निवडून त्याच्याशी एकरूप होता येत नाही. मात्र पट्टा सोडू नका. ढील द्यायची, पट्टा सोडायचा नाही.

आणि कोरडे दिवस असतात. सगळं नीट केलं, काहीच वाटलं नाही. अशा वेळी कुत्र्याकडे 'मला काहीतरी दे' या नजरेनं बघणं सुरू होतं, आणि ते त्याला कळतं. त्याला तुमच्या शांतीचं साधन करू नका. त्याची फेरी छान झाली असेल तर फेरी छान झाली. दुःखात असाल तर रडा. ते जवळ येईल किंवा येणार नाही, दोन्ही ठीक. माझे वडील गेल्यानंतरच्या आठवड्यात मी त्या बुडख्यापाशी बसून रडत होते आणि भुरी शेजारी खड्डा उकरत होती, अगदी मन लावून. पुढचे दोन्ही पंजे मातीनं माखलेले, नाकावर मातीचा गोळा. तिच्या उकरण्याच्या आवाजानं मला जेवढं सावरलं तेवढं कुणाच्या बोलण्यानं नाही.

घरी आल्यावर

परतताना उंबरठ्याच्या जागी पुन्हा थांबा, तीन श्वास. मग घरी येऊन गोचीड बघा. हा भाग घाईत उरकू नका, मी तर तो फेरीचाच शेवटचा टप्पा धरते. कानांच्या आत आणि मागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. बोटं केसांतून उलटी फिरवत सावकाश जा. गोचीड सापडला तर चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ, एका दमात ओढून काढा. तेल लावणं, चटका देणं असले प्रकार करू नका. हात साबणानं धुवा. या दहा मिनिटांत त्याच्या अंगावरची प्रत्येक गाठ, प्रत्येक ओरखडा तुम्हाला पाठ होतो, आणि एखादी नवी गाठ आली तर ती सगळ्यात आधी तुम्हालाच कळते.

नंतर वहीत एक ओळ लिहा. काय वाटलं ते लिहू नका, कुत्र्यानं काय दाखवलं ते लिहा. 'ओढ्याजवळचा तिसरा दगड, चार मिनिटं.' 'कान डावीकडे, काही दिसलं नाही.' माझ्याकडे अशा ओळींच्या अकरा वह्या आहेत.

कुत्रं म्हातारं झालं की फेरी छोटी करा आणि बसणं वाढवा. चढ टाळा, मऊ जमीन निवडा, थंडीत सांधे आखडलेले असतील तर निघण्याआधी पाय चोळून द्या. भुरीला आता तेरावं लागलंय. चाळीस मिनिटांत आम्ही बुडख्यापर्यंत जातो आणि परत येतो, तेवढंच. बुडखा निम्मा भुसभुशीत झालाय, त्याच्या खाचेत अळंब्या उगवतात. तिला आता ऐकू कमी येतं, पण नाक शाबूत आहे. परवा ती तिथे इतका वेळ उभी राहिली की तिचे मागचे पाय लटपटायला लागले. मग ती तशीच खाली बसली, सालीला नाक लावून. मीही बसले. पट्टा आमच्या मधे गवतात पडला होता.